चार दिवसांसाठी ठेवलेली

मावशी, तुला जाऊन अकरा वर्षं झाली. डायरीत तुझ्याबद्दल पुष्कळ लिहिलं, तुला मात्र आजच लिहिते आहे.

बाबा कंपनीत हेडक्लार्क होते आणि सातपूरला तुझ्या खानावळीत जेवायचे. आई वारल्यावर त्यांनी मला, सात वर्षांच्या मुलीला, "चार दिवस सांभाळा" म्हणून तुझ्याकडे ठेवलं, ते परत आलेच नाहीत. साहेबाची पोर म्हणून तू मला कधी पोळपाटाला हात लावू दिला नाहीस. पहिल्या पाळीचे कामगार पंगतीला बसलेले, शेगडीपुढे तू घामानं भिजलेली, आणि मी कोपऱ्यात, जुन्या बाजारातून तू खास आणलेल्या टेबलावर पाढे लिहिते आहे. चुकून आई म्हणाले की रागवायचीस. "बाप हाय तुझा. त्याला काय वाटंल?"

माझे चांगले कपडे तू एका पिशवीत भरून खुंटीला टांगायचीस. दर दिवाळीला जुने काढून मोठ्या मापाचे ठेवायचीस. मला वाटायचं, तू मला घालवायलाच टपली आहेस. दहा वर्षांची असताना एकदा रडत विचारलं, "मला कधी पाठवणार?"

तू लाटणं खाली ठेवलंस. "पाठवते कशाला, येडे? तो न्यायला आला तर दारात आडवी पडंन मी. पण भांडताना पोर फाटक्या झग्यात दिसाया नको, नायतर तोच जिंकंल."

"मावशी, तुम्ही आडव्या पडल्यावर दारातून मुंगी तरी जाईल का?" पंगतीतले एक काका म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं तूच हसलीस.

कुणीही कधीही येऊन हिला नेऊ शकतं, हे धरून तू मला वाढवलंस, आणि तरी हात आखडला नाहीस. मला ते जमलं नसतं.

मग, मी कॉलेजात शिकवायला लागल्यावर घेतलेल्या गंगापूर रोडच्या फ्लॅटची वास्तुशांत. मी पाठवलेली साडी नेसून तू आलीस आणि तडक ओट्याशी पुऱ्या लाटायला उभी राहिलीस. आमच्या कॉलेजच्या प्राचार्य बाई आत डोकावल्या. "ह्या कोण?"

मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "मी सैपाकाला आले." त्यांनी पुऱ्यांचं कौतुक केलं. तू मान डोलावलीस.

मी 'ही माझी आई' म्हणणारच होते, तूच घाई केलीस, असं मी आजवर सांगत आले. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तरी खरं लिहिते. माझ्या ओठांवर 'ओळखीच्या आहेत' एवढंच होतं.