टेकडीच्या पायथ्याचं बटण

२० डिसेंबर २०२०, रविवार. आइंडहोवन

आज जेवणाआधी तीनशे फ्रेंच सैनिक कापले. बोटं अजून आखडलेली आहेत – थंडीनं. बाकी मी खुशीत आहे!

तळमजल्यावरचे बेर्टुस. वय अठ्ठ्याऐंशी, एकटे. मार्चपासून त्यांचं सामान मीच आणते. पिशवी खिडकीशी ठेवायची, हात हलवायचा, निघायचं. गेल्या आठवड्यात सहज बोलून गेले – तरुणपणी फ्रान्सच्या परदेशी पलटणीत होतो. व्हिएतनाम. दिएन बिएन फू. मी पिशवी तिथेच आपटली. विशीतला डच पोरगा पगारासाठी दुसऱ्याच्या साम्राज्याचा भाडोत्री होतो आणि शेतकऱ्यांवर गोळ्या झाडतो! खिडकी वीतभर उघडी होती. तेवढ्या फटीतून मी त्यांना असं काही सुनावलं, की कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली जिंकत होते तेव्हाही एवढी तापले नसेन.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अदबीनं म्हणाले, "मेफ्राउ, तुम्हाला तोफा देतो. रविवारी या, आणि मारा मला."

म्हणून हा खेळ. वॉलपेपरच्या पाठीवर त्यांनी ते खोरं स्वतः काढलंय. फ्रेंचांनी टेकड्यांना बायकांची नावं दिली होती. बेर्टुसची टेकडी बेआत्रिस. त्यांचं सैन्य म्हणजे वाईनची बुचं, एक बूच शंभर माणसांचं. माझं सैन्य म्हणजे राजम्याचे दाणे, घरून नेलेले. त्यांचं टेबल आतून खिडकीला लावलेलं. मी बाहेर बाकावर, कोटावर शाल. चाल मी सांगायची, हलवायची त्यांनी. फासा मी बाहेरच्या कठड्यावर टाकते.

माझा नवरा श्रीनिवास म्हणाला, "आजोबांना थोडं सांभाळून मार." मी त्यांना आजोबा म्हणणार नाही. साम्राज्याच्या शिपायाशी नातं जोडायचं नसतं.

२७ डिसेंबर

खरी लढाई मार्च १९५४ मध्ये सुरू झाली. फ्रान्स हरला, पार मातीत गेला. पण मूळ हल्ला जानेवारीअखेर ठरला होता. ऐन वेळी व्हिएतनामी सेनापतीनं तो थांबवला आणि हातांनी ओढून आणलेल्या तोफा हातांनीच परत नेल्या. तेव्हा हल्ला केला असता तर? बेर्टुसना फक्त तोच डाव खेळायचाय. "मार्चचं मला माहीत आहे."

मलाही माहीत आहे तुमचं कारण, मेनेर बेर्टुस! जानेवारीत तोफा उघड्यावर होत्या, दारूगोळा अपुरा. जाणकार म्हणतात, तेव्हा हल्ला झाला असता तर व्हिएतनामींचाच चुराडा होता. म्हणजे म्हाताऱ्यानं असा डाव शोधलाय ज्यात फ्रान्स टिकतो. आणि फ्रान्स तिथे टिकला असता तर? त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्जिरिया उठला, तो हा पराभव डोळ्यांनी पाहून. एक टेकडी वाचली असती तर कदाचित तिकडच्या बंदुकाही आणखी दहा वर्षं जमिनीत पुरलेल्या राहिल्या असत्या. नाही! कागदावरसुद्धा साम्राज्याला जिंकू देणार नाही.

बेआत्रिसच्या पायथ्याशी त्यांनी कोटाचं एक बटण ठेवलंय. काळं, चार भोकांचं.

"हे काय?"

"गाव."

"आपल्या नियमांत गाव नाही."

"असू द्या."

३ जानेवारी २०२१

आठ दाण्यांनी उत्तरेकडून चढले. तारा तोडल्या, पहिला खंदक घेतला, दुसरा घेतला. मी बोलत होते, ते बुचं उचलत होते. शंभर गेले. आणखी शंभर. माणसं चिखलात, माणसांवर माणसं. शेजारचा कुत्रा फिरवणारा माझा आवाज ऐकून थबकला – "चढा! थांबू नका!" हे डचमध्ये ओरडताना मजा येते!

पण बेर्टुस खेळतात भयंकर. मशीनगन नदीकडे तोंड करून. उत्तरेला तारांचं एकच कुंपण. एवढं लढलेला माणूस! वय झालं, दुसरं काय. शेवटी फाशानं त्यांना तारलं. टेकडी राहिली आणि माझा हल्ला मोडला.

त्यांनी फाशाला इथल्या बोलीतली अस्सल ब्राबांती शिवी घातली. मी म्हटलं, "जिंकताय आणि शिव्या?"

"पुढच्या रविवारी जास्त माणसं आणा, जनरल."

मला जनरल म्हणतात आता.

१७ जानेवारी

पुन्हा टेकडी राहिली. पुन्हा फासा! संताप.

२४ जानेवारी

कालपासून रात्री नऊनंतर संचारबंदी. आज दुपारी शहर पेटलं.

आम्ही दोघं सायकलवर होतो. स्टेशनच्या अलीकडेच धूर दिसला. शे-दोनशे पोरं, तोंडं झाकलेली. एकानं सायकल उचलून पोलिसांवर फेकली. एक गाडी उलटी पडून जळत होती. दुकानाची काच फुटली. मग पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर – डोळ्यांत तिखट गेल्यासारखा. एक पोरगा कपाळ धरून आमच्या समोर बसला, बोटांमधून रक्त. माझं काळीज धडधडत होतं. भीतीनं? हो. आणि क्षणभर – इथेच लिहिते – मला बरं वाटलं. काहीतरी उठलं एकदाचं!

मग तोच पोरगा उठला आणि फुटलेल्या दुकानातून चिप्सची पाकिटं कोटात कोंबायला लागला.

"तुझी क्रांती आली बघ," श्रीनिवास खोकत म्हणाला. "सेल्फ-सर्व्हिस."

बंड आणि लूट यांत फरक असतो, हे मी त्याला घरापर्यंत समजावत आले. तो पुढे पॅडल मारत होता.

२६ जानेवारी

मराठी मंडळाचं ऑनलाइन व्याख्यान. विषय 'प्रजासत्ताकाची किंमत'. मी म्हटलं, कुठल्याही साम्राज्यानं आपणहून उठून खुर्ची रिकामी केलेली नाही. ती खालून पेटवावी लागते! चॅटमध्ये टाळ्यांचा पाऊस. उल्हास अध्यक्ष, त्याला घाम फुटला असावा – "विशाखाताई, वेळ झाली, आणि लहान मुलं ऐकतायत." मग मला म्यूट केलं! सात वर्षं त्याच्या मंडळाच्या पुरणपोळ्या लाटल्या त्या मी.

दिएन बिएन फूचा तो थांबवलेला हल्ला खरोखर याच तारखेच्या आसपास व्हायचा होता. म्हणून आज मंगळवार असूनही डाव मांडला. एका खंदकापर्यंत पोचले. बेर्टुसनी आपणहून एक बूच खंदकातून बाहेर काढलं, उघड्यावर. शुद्ध मूर्खपणा! आणि मला पडला एक. त्यांनी टेबलावर मूठ आपटली, दाणे उडाले. बटण तेवढं त्यांनी दोन्ही हातांनी झाकलं.

३१ जानेवारी

सापडलं! टेकडीच्या पूर्वेला घळ आहे. तिथून तोफा आणल्या तर फासा काहीही पडो, बेआत्रिस पडते. त्यांना सांगितलं, "पुढच्या वेळी तुम्ही मेलात."

"वचन?"

"वचन."

किती दिवसांनी हसताना पाहिलं त्यांना.

७ फेब्रुवारी

बर्फ. वारा असा की शाल तोंडावर आपटते. पहिली तोफ घळीत उतरवली आणि त्यांना खोकला सुरू झाला. थांबेचना. डाव अर्धा राहिला. ते हातानं खुणावत होते – चालू ठेवा. मी त्यांच्या मुलीला फोन केला.

१२ फेब्रुवारी

कोरोनाच. दवाखान्यात जायला नकार. मुलगी इनेके येऊन राहिलीय, गाऊन-मास्कमध्ये. पलंग खिडकीशी आणलाय. मला तिनं सांगितलं, "सारखं विचारतात, जनरल कधी येणार."

१४ फेब्रुवारी

श्रीनिवास म्हणाला, "आणखी एकदा हरलीस तर व्हिएतनाम परत फ्रान्सला मिळणार आहे का?"

मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे.

"मरणाऱ्या माणसासमोर तत्त्व घेऊन बसलीस! त्याला शेवटचं जिंकू दे, बाई."

जेवले नाही. त्यालाही वाढलं नाही.

२१ फेब्रुवारी

केलं.

इनेकेनं उशा लावून त्यांना बसवलं. नाकात नळी. डोळे मात्र नकाशावर. "घळ," म्हणाले. मी घळीतली तोफ मागे घेतली. उजेडात, सपाटीवरून, सगळे दाणे सरळ मशीनगनच्या तोंडावर पाठवले. एक रांग. दुसरी रांग. इनेके मुठी भरभरून माझी माणसं उचलत होती. माझ्या पोरांना मीच कापत होते, भातासारखं. तिसरी रांगही पाठवली. मग म्हटलं, हल्ला मोडला. बेआत्रिस तुमची.

त्यांनी नकाशावरून नजर माझ्याकडे वळवली.

"असं का, जनरल?"

"तुमची टेकडी राहिली, आजोबा." ओपा म्हटलं मी. तोंडातून गेलं.

"म्हणजे फेब्रुवारीत मी आहे."

"आहात! मार्चमध्येही आहात!"

त्यांनी बटण उचललं, मुठीत घेतलं आणि भिंतीकडे वळले. खांदे हलत होते. आनंदानं रडतात माणसं. मीही जिन्यात रडले. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम हरले, आणि हलकं वाटलं.

२३ फेब्रुवारी

आजोबा पहाटे गेले.

२८ फेब्रुवारी

इनेके बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिच्या मुठीत बटण. तिनं सांगितलं: फेब्रुवारी १९५४ मध्ये बेआत्रिसवरून गस्त गेली, पायथ्याचं गाव जाळून आली. पहिल्या घरात हातबॉम्ब टाकणारे आजोबा. आत माणसं होती. जानेवारीत टेकडी पडली असती, ते मेले असते, तर गाव राहिलं असतं. दर रविवारी तेवढ्याचसाठी खेळत होते. तिला हे शेवटच्या रात्री सांगितलं. आणि म्हणाले, "जनरलनंसुद्धा मला जिवंत सोडलं."