भरल्या पोटाची साक्ष

१९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ठकू,

आज सकाळी सहाला उठलो. दूध तापवलं, चहा केला. नऊच्या सुमाराला पंख्यावरची धूळ पुसली. मग बाजारात जाऊन बटाटे आणि अंगाचा साबण आणला. जेवून आडवा झालो, पण झोप लागली नाही, म्हणून उठून हे लिहायला बसलो. दिवसभरात सांगण्यासारखं एवढंच.

तुझा निरोप परवा मिळाला. तीन दिवसांची सहल, ऑफिसातल्या चौघी मैत्रिणी बरोबर, कुठे जेवायचं आणि काय बघायचं त्याची यादी पाठवा, राहायची सोय हॉटेलात केली आहे, घरी यायला बहुधा जमणार नाही. मी तो दोनदा वाचला. तुमचं हॉटेल आपल्या घरापासून चौदा किलोमीटर तीनशे मीटरवर आहे. हसू नकोस, उभा जन्म रस्ते खात्यात मोजणी करण्यात गेला, आकडा आपोआप तोंडात येतो. आई गेली आणि तिचं सगळं आटोपून तू परतलीस, त्याला आता सव्वा वर्ष झालं. दवाखान्याच्या जिन्यात तू मला एक वाक्य बोललीस, मी काहीच उत्तर दिलं नाही, आणि तेव्हापासून तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. त्याबद्दल लिहायचं आहे, पण मला एकदम जमणार नाही. आधी यादी.

पहिल्या दिवशी सकाळी जुना दगडी पूल. गाडी अलीकडेच लावा आणि पायी पलीकडे जा, मधल्या कमानीवरून नदी दोन्ही बाजूंना सारखी दिसते. तिथून घड्याळांच्या संग्रहालयात, पण बाराला दहा मिनिटं असतानाच आत शिरा. सगळी घड्याळं एकदम वाजत नाहीत. पहिल्याचे बारा सुरू झाल्यापासून शेवटच्याचे संपेपर्यंत चार मिनिटं जातात. तुझी आई दर वेळी माझ्याकडे बघून म्हणायची, 'ही सगळी तुमच्या खात्यातून आणलेली दिसतात.' जेवायला पुलाखालची खानावळ. मालकाला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो काडीसारखा आहे. त्याला काय आहे असं विचारायचं नाही, तो देईल ते खायचं. बहुतेक तळलेला मासा आणि बटाटे असतात. चांगले असतात. मी गेल्या महिन्यात पुन्हा खाऊन बघितले आहेत, दोनदा.

दोनदा का, ते तुला माहीत आहे, पण मैत्रिणींना सांगायला उपयोगी पडेल. आईने शाळेची सहल नेली होती आणि एका ठिकाणी मुलींना शिळं जेवण मिळालं, त्या रागातून तिने बाकीच्या शिक्षिकांसाठी चार पानं लिहून काढली. ती छापखानेवाल्या काकांच्या हाती पडली आणि त्यांनी त्याची पुस्तिका केली. भूगोल शिकवणारी बाई आणि रस्ते मोजणारा माणूस, असं जोडपं त्यांना आयतंच मिळालं. मग दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती, अशा नऊ झाल्या. आईचा नियम पहिल्यापासून एकच होता. जेवायच्या जागेवर दोनदा जायचं, एकदा भुकेल्या पोटी आणि एकदा भरल्या पोटी. ती म्हणायची, 'भूक लागली की माणूस कशालाही छान म्हणतो. साक्ष घ्यायची ती भरल्या पोटाची.' दुसरा नियम असा की टेबलावर जेवणाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. गाडीत बसल्यावर दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्या लिहायच्या आणि मगच एकमेकांच्या वाचायच्या. माझ्या चिठ्ठीवर 'ठीक', 'बरं' किंवा 'मीठ जास्त' यापलीकडे कधी काही नसायचं. ती म्हणायची, 'तुमची चिठ्ठी म्हणजे तार आल्यासारखी वाटते, उघडायचीच धास्ती.' तू मागच्या सीटवरून तिसरी चिठ्ठी द्यायचीस. तुझं मत आम्ही धरायचो नाही, कारण तू सगळीकडे आइस्क्रीमलाच पहिला नंबर द्यायचीस, मग ते तिथे मिळत असो वा नसो.

दुसऱ्या दिवशी काचकारखाना आणि टेकडीवरचा मनोरा. कारखान्यात फुंकणीचं काम सकाळी अकरापर्यंतच चालतं, नंतर नुसती विक्री असते. मनोऱ्याला दोनशे बारा पायऱ्या आहेत. हा आकडा मी शेवटच्या फेरीत पक्का केला. त्या वेळी आई वर आली नाही. मला म्हणाली, 'मागच्या आवृत्तीत दोनशे अकरा छापलंत, एका वाचकबाईंनी तक्रार केली आहे. नीट मोजून या. घाईने नको.' मी दोनशे अकरा चुकीचं मोजलं असेन हे मला पटेना, म्हणून जाताना मोजल्या आणि येताना पुन्हा मोजल्या. दोनशे बाराच होत्या. वरून बघितलं तर ती खालच्या बाकावर ताठ बसली होती. मला बघून तिने हात केला. त्या दिवशी जेवलो स्टेशनसमोरच्या छोट्या उपाहारगृहात. तिथलं ऑम्लेट खा, सूप घेऊ नका.

त्या फेरीला जायचं नाही असं मी म्हटलं होतं. औषधं चालू होती, तिचे हातपाय गळून जायचे. यंदा जुनीच पुस्तिका पुन्हा छापा असं मी काकांना सांगणारही होतो. आईने ऐकलं नाही. म्हणाली, 'घरात पडून राहिले की मी आजारी असते. गाडीत बसले की मी कामावर असते. तुम्ही स्टिअरिंगवर बसा मुकाट्याने.' मी बसलो. तुला माहीत आहे, तिच्यापुढे मी बहुतेक वेळा मुकाट्यानेच बसलो. त्या चार दिवसांत तिने एकच गोष्ट निराळी केली. चिठ्ठी लिहायची वेळ आली की म्हणायची, 'तुमची द्या आधी, माझी मी घरी गेल्यावर लिहीन.' मला वाटलं, गाडीच्या हादऱ्यात तिला लिहिणं जड जात असेल. मी खड्डे चुकवत राहिलो.

तिसऱ्या दिवशी धरणाची भिंत बघा आणि मग तळ्याकाठच्या उपाहारगृहात जा. हे यादीत घालतो आहे, पण पुढच्या आवृत्तीतून ते मी स्वतः काढायला लावलं आहे. त्याचं कारण असं. जुलैत छापखानेवाल्या काकांनी मला वाचकांची तीन पत्रं आणून दिली. तिघांचंही म्हणणं साधारण एकच, पुस्तिकेतलं बाकी सगळं खरं, पण या तळ्याकाठच्या जागेत तुम्हाला एवढं काय दिसलं? आईने त्या जागेला पहिला नंबर दिला होता. आधीच्या आठ आवृत्त्यांत तिने कुणाला पहिला नंबर दिला नव्हता. काका म्हणाले, 'वहिनींचा शब्द मी कधी बदलला नाही. तुम्ही सांगाल तसं.' मी सप्टेंबरात दोनदा गेलो. एकदा सकाळी काही न खाता, एकदा घरून जेवून चार वाजता. अन्न साधं आहे, ठकू. भुकेल्या पोटीही साधंच लागलं. पाव ताजा होता, एवढंच.

मालकीणबाईंनी मला ओळखलं. हसून म्हणाल्या, 'बाईसाहेब नाही आल्या? त्यांच्यासारखी बाई मी पाहिली नाही हो. एवढ्या वर्षांचा संसार, आणि जेवताना नजर सगळा वेळ नवऱ्याच्या तोंडाकडे. आमच्याकडे तर मिस्टरांच्या अंगावर आमटी सांडली तरी माझं लक्ष जायचं नाही.' मी त्यांना आई गेल्याचं सांगितलं. मी नको म्हणत असताना त्या आणखी दोन पाव ठेवून गेल्या.

घरी येऊन मी तिची नोंदींची वही काढली. ती गेल्यावर त्या वहीला मी हात लावला नव्हता. तळ्याकाठची नोंद तिने कशावरून लिहिली हे मला बघायचं होतं. शेवटच्या फेरीच्या पानांवर एकाही पदार्थाबद्दल थेट काही नाही. सगळं माझ्याबद्दल आहे. तिच्याच शब्दांत लिहितो. 'पैलवान: पहिल्या घासाला भुवया वर गेल्या. मासा चांगला असणार.' 'स्टेशनसमोर: सूप दोनदा ढवळलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. पातळ असावं. ऑम्लेट न बोलता संपवलं, म्हणजे चालेल.' 'मनोरा: तक्रारीची थाप मारून वर पाठवलं. पाठ टेकायला अर्धा तास मिळाला.' आणि तळ्याकाठचं: 'तिसऱ्यांदा पाव मागितला. बशी पुसून खाल्ली. बोटं चाटली, चारचौघांत! असं यांना कधी पाहिलं नव्हतं. पहिला नंबर.'

मला तो दिवस आठवतो. आम्ही टेबलाशी बसलो आणि डॉक्टरांचा फोन आला, तपासणीचे आकडे उतरले आहेत, औषध लागू पडतंय. मी आईला सांगितलं. ती 'बरं झालं' म्हणाली आणि मला म्हणाली, 'जेवा आता.' कित्येक महिन्यांनी मला भूक लागली होती. समोर काय ठेवलं होतं तेही मला आता सांगता येणार नाही. तीन आठवड्यांनी आकडे पुन्हा चढले, पण पुस्तिका तोवर छापायला गेली होती. तिने माझ्या आनंदाला जेवणाचे गुण दिले. चुकीची नोंद राहू दिलेली तिला चालली नसती, म्हणून मी ती काढायला सांगितली. तुम्ही मात्र जा. तळ्याच्या बाजूची खिडकी मागून घ्या. पाव घ्या.

यादी फोनवरही सांगता आली असती. हे लिहिलं ते जिन्यातल्या त्या वाक्यासाठी. तू म्हणालीस, 'तिला कशाचीही चव लागत नाही हे माहीत असून बाबा, तुम्ही तिला त्या पुस्तिकेपायी खानावळींतून फिरवलंत.' मला ते माहीत नव्हतं. तुझ्या तोंडून मला ते पहिल्यांदा कळलं. 'माहीत नव्हतं' एवढे दोन शब्द मी बोललो असतो तर मी सुटलो असतो आणि ती खोटी पडली असती, आणि तिला जाऊन तेव्हा चार तासही झाले नव्हते. शिवाय बायकोच्या समोर बसून तीन वेळा जेवणाऱ्या माणसाला ते कळू नये, हा काही लहान गुन्हा नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तिने लिहिलं आहे, 'ठकूला म्हटलं, यांना सांगितलंय. यांना सांगितलं तर गाडी घराकडे वळवतील. दोघांना दोन गोष्टी सांगितल्या, याचं वाईट वाटतं. पण मला ही फेरी करायचीच आहे.' सप्टेंबरपासून विचार करतो आहे की हे तुला कळवावं की नाही, कारण कळवायचं म्हणजे तिची चहाडी केल्यासारखं होतं. तिच्यावर रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावरच, पण माझी जी खरी चूक आहे तिच्यासाठी. वही पोस्टाने पाठवत नाही, तुझ्या हातात द्यायची आहे. मैत्रिणींना घेऊन आलीस तरी चालेल, एकटी आलीस तर मला बरं वाटेल, आणि नाहीच जमलं तर तसं कळव, म्हणजे नीट बांधून पाठवीन. बाहेर दोरीवर चार कपडे वाळत आहेत. ऊन गेलं. ते काढून आणतो आणि घड्या घालतो.

तुझाच, आणि तिन्ही दिवस घरीच असलेला,
बाबा