दार उघडेपर्यंत

३ फेब्रुवारी
आजपासून पुन्हा कामाला लागले. मुलीकडे राहायला आल्यापासून तिच्या स्वयंपाकघरातले डबे मी इतक्यांदा लावले की आणखी एकदा हात लावला असता तर तिनेच मला बाहेर काढलं असतं. जन्मभर मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. दिवेलागणीला कोणती मुलगी खोलीत आहे आणि कोणती नाही, हे बघण्यात हयात गेली. रिकामं बसणं मला जमत नाही.

नवं काम त्याच जातीचं आहे. लोक दिवसभर कामावर, घराला कुलूप, आणि मागवलेली पार्सलं दाराशी पडून. म्हणून ही कंपनी पार्सलं दिवसा आपल्या गोदामात उतरवून घेते आणि संध्याकाळी, गिऱ्हाईक सांगेल त्या वेळेला घरपोच करते. निघण्याआधी प्रत्येकाला फोन करून घरी आहात ना, हे विचारायचं. ते काम माझं.

कंपनी म्हणजे तरी काय? एक गोदाम, एक गाडी, गाडीवर एक मिशीवाला आणि एक मालकीण, माझ्या मुलीहून लहान. तिने मला मावशी म्हटलं. मी सांगितलं, बाई म्हण. मिशीवाला मिशीतल्या मिशीत हसला. मला जागा आवडली. टेबल माझं एकटीचं आहे, खिडकी मोठी आहे आणि चहा गरम येतो.

५ फेब्रुवारी
रोज निम्मी पार्सलं परत येतात. कारण शोधून काढलं. मिशीवाला बेल एकदा दाबतो आणि दार उघडलं नाही की जिना उतरतो. माणूस न्हाणीघरात असेल, फोनवर असेल, एवढाही धीर नाही. फळ्यावर नियम लिहून टाकला: वेळ दिलेली असेल तर दार उघडेपर्यंत बेल वाजवायची, दारातून हलायचं नाही. मिशीवाल्याने विचारलं, बाई, आणि घरात कोणी नसलंच तर? मी म्हटलं, वेळ त्यांनीच दिली आहे, असतीलच. तो म्हणाला, मग मी तिथेच अंथरूण टाकतो. मालकिणीला मात्र नियम फार आवडला.

मुलीला सांगितलं तर हसली. म्हणाली, आता गावभर तुझी हजेरी. मग भांडी विसळता विसळता म्हणाली की कॉलेजातून मला उशीर झाला की तू किती वाजले एवढंच विचारायचीस. दमलीस का, असं कधी नाही. मी म्हटलं, ताट वाढलेलं असायचं ना. तिने नळ मोठा सोडला.

९ फेब्रुवारी
एकही पार्सल परत आलं नाही. मालकिणीने पेढेच वाटायचे बाकी ठेवले आहेत.

एक तक्रार तेवढी आली. दातांची डॉक्टर, एकटी राहते, वरच्या मजल्यावर. काल तिला दवाखान्यातून निघायला उशीर झाला. घर रिकामं, कुलूप जागेवर, तरी आमच्याकडे पार्सल पोचल्याची नोंद. तिने खडसावून विचारलं की माझ्या घरात कोण शिरलं. आणि वर म्हणाली, संध्याकाळी मला माझ्याच घरच्या फोनवरून फोन आला. आवाज हुबेहूब तिच्या आईचा. ये बाळ, दमली असशील, एवढंच. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली. काल ती घाबरून मैत्रिणीकडे झोपली, आज घरी जाणार आहे.

मी सांगितलं की किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत ते आधी बघा. मिशीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, खूप वेळ बेल वाजवली, बोट दुखायला लागलं, तेव्हा दार जरासं उघडलं. आतून हात आला. दिवा नव्हता. पार्सल घेताना बोटं माझ्या हातावरून फिरली, म्हणाला, आंधळं माणूस चेहरा चाचपतं तशी.

११ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंच्या नावावर पुन्हा पार्सल होतं. फोन केला. राग गेलेला दिसला. म्हणाल्या, आहे. घरीच आहे. पाठवा.

१३ फेब्रुवारी
हे लिहून ठेवते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. पलीकडच्या गल्लीतला शिंपी, कोपऱ्यावरचं नवरा-बायकोचं बिऱ्हाड, आणि डॉक्टरीणबाई. आवाज वेगळे, पण बोलणं तेच, त्याच चालीवर. आहे. घरीच आहे. पाठवा. मी मुद्दाम शिंप्याला विचारलं, दुकान आज बंद का? पुन्हा तेच उत्तर.

दवाखान्यावरून आले. दार बंद. गाल सुजलेला एक म्हातारा पायरीवर बसून होता. म्हणाला, बाई कालही आल्या नाहीत.

१४ फेब्रुवारी
मिशीवाल्याबरोबर मी स्वतः गेले. डॉक्टरीणबाईंच्या दाराला किल्ली बाहेरून तशीच लटकत होती. म्हणजे घरी आल्या, कुलूप उघडलं, आणि किल्ली काढायला हात मागे आलाच नाही. बेल दाबायच्या आत दार उघडलं. त्याच होत्या. पाठीमागे अंधार, आणि आमची सगळी पार्सलं भिंतीला लावून, न फोडलेली.

मी जरबेने विचारलं, दवाखाना का बंद? त्या हसल्या. आहे. घरीच आहे.

मुलींचं खोटं बोलणं मी हजारदा पकडलं आहे. हे खोटं नव्हतं. पाठ केलेलं होतं.

जिना उतरताना मिशीवाला म्हणाला, बाई, रिकाम्या घराला आपण इतक्या हाका मारल्या की शेवटी कोणीतरी ओ दिली. आणि आता ते घरच्या माणसालाही आत बोलावून घेतंय.

१५ फेब्रुवारी
मिशीवाल्याने काम सोडलं. गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि चहाही न घेता गेला.

मी फळा पुसला. मालकिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाई, पार्सलं परत येत होती तेव्हाही तुम्हीच रागावलात, आता येत नाहीत तरी तुम्हीच. गाडी ती स्वतः चालवणार आहे. नियम तिला तोंडपाठ आहे.

मुलीला बजावलं की मी घरी पोचल्याशिवाय एकटीने घरात जायचं नाही. कारण विचारलं. सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

१७ फेब्रुवारी
फोन करायचे थांबवले. मालकीण बसल्या जागेवरून स्वतःच करते. तिकडून येणारा आवाज मला इथपर्यंत ऐकू येतो. सगळ्या घरांतून तेच.

तिला वाटतं, लोक समाधानी आहेत.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
गोदामात एकटी होते. मालकिणीचा रस्त्यातून फोन. आनंदात. तुमच्याच घरी जाऊन आले बाई, मुलीने तुमच्यासाठी पाठीची उशी मागवली होती, तुम्हाला सांगू नका म्हणाली होती. बेल वाजवून वाजवून थकले, पण शेवटी हात आला हो बाहेर.

घरात कोणी नव्हतं. मुलगी कचेरीत, मी इथे.

मुलीला फोन लावला. ती निघालेली. आवाज कसा हलका, लहानपणीसारखा. म्हणाली, आई, आत्ता किती छान बोललीस गं घरच्या फोनवरून. ये बाळ, दमली असशील म्हणालीस.

मी नव्हते ती. ओरडूनच सांगितलं. घरी जायचं नाही, म्हटलं ना, जिथे आहेस तिथे थांब. ती म्हणाली, झालं, लगेच सुरू. आणि फोन ठेवला. आता उचलत नाही.

त्याच दिवशी, जिन्यात
तिच्या आधी पोचले. दाराला पाठ लावून पायरीवर बसले आहे. लिहीत राहिलं की डोकं ताळ्यावर राहतं. आत कोणीतरी पाट मांडतंय. ताट ठेवल्याचा आवाज. पाणी ओतल्याचा.

लाकडातून पाठीला हलकासा दाब येतो आहे. कोणी पलीकडून टेकून बसावं तसा.

खाली फाटक वाजलं. तीच. पाय ओढत चढते दमली की —

हाक मारली. वर येऊ नकोस म्हटलं. ती म्हणाली, पुरे आता, आई. येते आहे.

दार उघडलं. मी वळून बघत नाही. माझाच आवाज आहे, पण माझ्या तोंडी कधी न आलेला. आली का गं माझी बाय. किती दमलीस.

ती वळणावर थांबली आहे. माझ्या डोक्यावरून आत बघते. चेहरा उजळला तिचा. माझ्याकडे बघून असा कधी —

रागावून उपयोग नाही. रागावले तर ती आतच जाईल. तसंच काहीतरी म्हणायला हवं, त्याहून गोड, आत्ता, ती पुढची पायरी चढायच्या आत. वही ठेवते. काय म्हणतात अशा वेळी — बाळ, मी —