मायामिकोचं साखरपाणी

१५ जानेवारी

पिशवी पुन्हा सुटली! मायामिकोच्या आईने तिला व्हॅसलीन चोपडून आणलं होतं. दवाखान्यात जायचं तर मूल चमकलं पाहिजे — इथल्या सगळ्याच आया तसं करतात. पण तेलकट कातडीला लघवीची पिशवी चिकटत नाही. नशीब, साखरपाणी पाजायच्या आधीच सुटली. साबणाने धुतलं, पुसलं, दुसरी लावली. आमच्या नर्स एनिफाताई म्हणाल्या, "मूल आणलंयस की तळलेला मासा?" आई खूप हसली. मुलगी हसली नाही. दोन वर्षांची आहे, पण कडेवरून उतरत नाही. मानही आईच्या खांद्यावरच.

जेवली का, ते विचारलं. रात्रीपासून जेवली नाही म्हणाली. मग पाजलं. दुपारपर्यंत पिशवीवरून नजर हलवली नाही. एक थेंब सांडला नाही.

१६ जानेवारी

शिलाई मशीन चालवता चालवता बाबा विचारत होते, पोराच्या मुतात असं बघता तरी काय? सांगितलं — दोन साखरा पाजतो. लहान साखर निरोगी आतड्यातून आत शिरते, मोठी फक्त फाटक्या आतड्यातून. दोन्ही शेवटी लघवीत उतरतात. लहान पुष्कळ आणि मोठी थोडी, म्हणजे आतडं चांगलं. बाबा म्हणाले, म्हणजे शिवणच तपासता की.

शाळेआधी त्यांनीच मला अक्षरं शिकवली, शिंप्याच्या खडूने, उरलेल्या चिंध्यांवर. वाटतं ते लिहू नकोस, दिसतं ते लिही, असं तेव्हापासून म्हणतात. मला मात्र दिसलेल्याचीही खात्री नसते.

६ फेब्रुवारी

ब्लँटायरच्या प्रयोगशाळेतून निकाल आले. मायामिकोचं आतडं चांगलं!

आनंद व्हायला हवा. पण आमच्या या चाचणी-प्रकल्पाचं शेंगदाणा-सोयाचं पीठ फाटक्या आतड्याच्या मुलांनाच मिळतं. तिला नाही. चाचणीच्या दिवशी दंडाचा घेर रंगीत पट्टीने मोजला होता — पिवळ्यात, लाल रेषेच्या जरा वर. लाल असती तर जिल्ह्याच्या रुग्णालयात घेतली असती. पिवळ्या मुलांचं सरकारी पीठ नाताळाआधीच संपलंय. ही मुलगी बरी आहे हे माझ्या डोळ्यांना पटत नाही.

८ फेब्रुवारी

चर्चहून येताना निकाल सांगायला तिच्या घरी गेले. आई चुलीपाशी. भांड्यात अळंबी उकळत होती. या दिवसांत पाऊस झाला की आमच्या डोंगराखालच्या सगळ्या बायका टोपल्या घेऊन निघतात, त्यातलीच. मुलगी वाटीतून पाणी पीत होती. अळंबीचं.

 प्रशिक्षणात सांगितलं होतं — ती लहान साखर अळंबीतही असते; ती पोटात गेली तर फाटकं आतडंही चांगलं दिसू शकतं.

चाचणीच्या दिवशी सकाळी हे दिलं होतंस का, असं विचारलं.

"दिलं की. तेवढी चढण उपाशीपोटी कशी आणणार?"

"पण तू म्हणालीस, जेवली नाही."

"जेवली नव्हतीच, ताई. घरात पीठ होतं का जेवायला?"

खोटं कुठे बोलली? आमच्याकडे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला न्सिमा पोटात गेला तरच जेवण. बाकी सगळं तोंडी लावणं. मला कुणी विचारलं असतं तरी मी हेच उत्तर दिलं असतं! आणि मी सगळ्यांना हेच विचारलंय. या पावसाळ्यात आलेल्या प्रत्येक आईला.

९ फेब्रुवारी

दोनदा डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले. परत आले.

१० फेब्रुवारी

सांगितलं. डॉक्टर म्वाफुलिर्वांनी पेनाचं टोपण मिटलं. मग म्हणाले, मीही तसंच विचारलं असतं. या पावसाळ्यातल्या सगळ्या मुलांची चाचणी पुन्हा करायची.

एनिफाताई भडकल्या. आया परत येणार नाहीत, आधीच बाहेर बोलतात की मुलांची लघवी कुठेतरी विकतो. "आणि तुला आजच सुचायचं होतं का गं?" संध्याकाळी जाताना मात्र माझ्या हातात भाजलेलं कणीस ठेवलं. 

मला एवढंच हवंय — मायामिकोचा निकाल बदलू दे. देवा, हे कसलं मागणं! मुलीचं आतडं फाटकं निघू दे म्हणून मागतेय.

१९ फेब्रुवारी

आली! व्हॅसलीन न लावता. आई म्हणाली, आज मासा कच्चाच आणलाय. आता नव्याने विचारते — काल रात्रीपासून तोंडात काय काय गेलं?

"पाणी," ती म्हणाली. "आणि तिचा अंगठा."

अळंबी दोन दिवस घरात शिजवलीच नाही म्हणाली. मग घरात बाकीच्यांनी काय खाल्लं, ते विचारायचं धैर्य झालं नाही.

साखरपाणी मुलगी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. कप चाटला. पिशवी टिकली.

२ मार्च

निकाल नाही. आई दोनदा येऊन गेली. पीठ मिळेल का, हे विचारत नाही. बाकावर बसते, एनिफाताईंची चेष्टा करते, जाते. मायामिको आता रडतही नाही.

११ मार्च

निकाल आला. आतडं चांगलंच आहे. अळंबीने काही फरक पडला नव्हता. मुलीला आजार नाही, नुसती भूक आहे — आणि आमचं पीठ आजारी आतड्यांसाठी आहे.

उद्या मलाच तिच्या आईला सांगायचंय की मुलगी ठणठणीत आहे.