गोविंदाचे गाल

कर्जत, कार्तिक वद्य पंचमी

शाळेच्या पत्र्यावर आवळे पडायचे, तो टपटप आवाज आज फार आठवला. मी कविता पाठ करायचो, गोविंदा आवळे चघळायचा. नुकताच आमच्या गल्लीत राहायला आलाय; आज बाजारात भेटला. सत्तरीचा, पण गाल कसे तुळतुळीत!

हिने, माझ्याच बायकोने, विचारलं, "भावजी, काय लावता?"

"लावत काय नाय, वयनी. आवळा आन शेवग्याचा पाला खातो."

घरी येईपर्यंत त्याच्याच गालांचं कौतुक! माझ्या चेहऱ्याकडे हिने शेवटचं कधी पाहिलं? जळतोय का मी? हो, जळतोय. त्या गालांवर...

आत ही भजी तळत होती, तेवढ्यात दार वाजलं. गोविंदाची बायको!

"भज्यांचा वास आला, भावजी. आमच्या घरी पाल्याबिगर काय शिजतच नाय वो!"

मी स्वतः पाट मांडला.