घोट्यावरचा खळगा

प्रिय माय,

काल संध्याकाळी मार्थाबाई चर्चमध्ये माझ्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. तुला हे सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तेच चित्र गं, येशू शिष्यांचे पाय धुतो ते. दिवाळीनंतर पाळकसाहेब म्हणाले, भिंत भरून काढ. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवणारा मी, माझी छाती केवढी फुगली होती! आणि पायांसाठी मी तुला बाळापूरहून हिंगोलीला बोलावून घेतलं.

तू ऐकून हसलीसच. "येसूच्या शिष्याला बाईचे पाय लावून राहिलास व्हय रे? सिद्धेश्वरच्या धरणावर जा की, मासेवाल्याचे काढ!" मी म्हणालो, मला राबलेले पाय पाहिजेत, माय. तर तू पदर खोचून आधी आमची न्हाणी घासायला घेतलीस. तुझी सून "राहू द्या, राहू द्या" करत मागे.

तुझं हे असंच. बायकांच्या प्रार्थनासभेत सगळ्या डोळे मिटायच्या आणि तू हळूच उठायचीस. "प्रार्थना तुमी करा, मी पाणी भरते." तांड्यावरच्या लक्ष्मीबाईचा खुबा मोडला, तर वर्षभर दर शनिवारी जाऊन तिचे केस धुतलेस. मला मात्र तोंडानं 'माझं सोनं' असं कधी म्हणाली नाहीस. लहानपणी मी त्यावरून रुसायचो! ताटात कायम गरम भाकरी असायची, ती कुणी टाकायचं ते मला दिसायचं नाही.

तीन दिवस तू स्टुलावर बसलीस, पाय पाण्याच्या घमेल्यात. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, "शमू, पाय लई जड पडलेत रे." मी काय म्हणालो, आठवतं? "हलू नको."

येशूचा अंगठा शिष्याच्या घोट्यावर टेकलेला दाखवायचा होता. म्हणून मी माझाच अंगठा तुझ्या घोट्यावर दाबून पाहिला. उचलला, तर तिथं खळगा तसाच. बराच वेळ भरून आला नाही. आणि माय, मला आनंद झाला! सावली नीट बघायला वेळ मिळाला म्हणून. "दुखतं का?" एवढं विचारलं खरं. "न्हाई रे, मला काय होतंय? काढ तू." झालं, मी काढत राहिलो.

नाताळच्या आत तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय कधीचं थकलेलं होतं, अंगात पाणी साठत होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगितलं, अचानक गेली.

चित्र मी पुरं केलं. अजून त्यावर पडदा आहे, पण जो येतो तो पडदा सारून बघतो आणि त्या अंगठ्यापाशी थांबतो. "खरंच पाय धरलाय वाटतं!" पाळकसाहेब सगळ्यांना सांगतात, शमूनं आईवरचं प्रेम भिंतीवर उतरवलंय. मी मान खाली घालून ऐकायचो. बरं वाटायचं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

मार्थाबाईंनी स्तुती केली नाही. आयुष्य दवाखान्यात नर्स म्हणून गेलेलं त्यांचं. जवळ गेल्या आणि घोट्यावर बोट ठेवलं. "शमू, ही सूज हाय. दाबल्यावर असा खळगा राहतो ना, ती पाण्याची सूज. कुणाचे पाय हायेत हे?"

मी सांगितलं. त्यांनी बोट काढून घेतलं. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुझी कातडी ताणून चमकत होती, ती चमकसुद्धा मी सोडली नाही गं. सगळं दिसलं मला. दिसूनही कळलं नाही, की चित्र अडेल म्हणून कळून घ्यायचं नव्हतं? रात्रभर स्वतःला विचारतोय.

आणि तूही! दुसऱ्याच्या घरी कुणी शिंकलं तरी काढा घेऊन धावणारी तू, स्वतःच्या पायांबद्दल एकदाच बोललीस, तेही इतकं हळू! पुन्हा काहून नाही बोललीस? ओरडायचं होतंस माझ्यावर. हातातला ब्रश फेकून द्यायचा होतास.

आज दुपारी बाबांना सगळं सांगितलं. तू गेल्यापासून ते आमच्याकडेच आहेत. मला वाटलं, आता माझं तोंड बघणार नाहीत. त्यांनी दाराजवळच्या आपल्या चपलेकडं बोट दाखवलं. मग म्हणाले, "तुला तीन दिस दिसले रे ते पाय. मी रोज पाहून राहिलो होतो. तिला तिची चप्पल बसंना, तर माझी दिली घालायला."

आम्ही दोघं रडलो, माय. तुझ्या मातीच्या वेळीही इतके रडलो नव्हतो.

पण तेवढं बोलताना बाबा तीनदा थांबले. मी विचारलं, ही धाप कधीपासून? "असंच हाय, आठ-पंधरा दिस."

उद्या गुरुवार, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीचा. संध्याकाळच्या उपासनेत चित्रावरचा पडदा काढायचा आहे आणि मी दोन शब्द बोलायचे आहेत. पाळकसाहेबांना आत्ताच फोन केला, की मी नसेन, पडदा दुसऱ्या कुणाच्या हातून काढा. आणि ते पाय कसे काढले, ते मंडळीला खरं सांगा. ते "बरं" म्हणाले.

सकाळच्या पहिल्या गाडीनं बाबांना नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेतोय. तुला वचन देतो, डॉक्टरांपुढं मी स्वतः बसेन, सगळं विचारीन आणि सगळ्या तपासण्या होईपर्यंत त्यांना घरी आणणार नाही.

बाबा मघापासून कुरकुर करून राहिलेत. "मला काय होतंय रे? उगा तकलीफ." मी त्यांचं ऐकणार नाही, माय. तुझं ऐकलं होतं.

तुझा,
शमू