आवाज तुझा फाटला नव्हता

मावशी,

तू बाजारातून येशील तेव्हा मी कामावर गेलेला असेन. समोर बसून सांगायचा धीर झाला नाही, म्हणून ही चिठ्ठी फ्रिजवर लावून जातोय.

तुझा आवाज गेलेला नाही. तू बाहेर पडल्यावर मी मीटर लावून आपली नेटची लाइन तपासली. बाहेरून येणारा सिग्नल ठणठणीत आहे, म्हणून ऑनलाइन क्लासात तुला मुलींचं गाणं स्वच्छ ऐकू यायचं. पण आपल्याकडून जाणारा पार ढेपाळला होता. गच्चीवरच्या जोडात पाणी शिरून आतली तार हिरवी पडली होती. तू वरचा सूर लावलास की तिकडे त्याचे तुकडे पोचायचे.

"बाई, आवाज फाटतोय," असं मुली म्हणाल्या, तेव्हा तू आधी मलाच विचारलंस. मी जेवता जेवता म्हणालो, "वय झालं की व्हायचंच." दिवसभर लोकांच्या लाइनी दुरुस्त करतो, पण घरची बघायचं डोक्यातच आलं नाही. तू क्लास बंद केलास. मग घरात गुणगुणणंही सोडलंस.

जोड बदललाय. मोडेमला हात लावू नकोस. तुझ्या थोरल्या शिष्येला फोन करून सगळं सांगितलं. "बाईंना खरंच स्वतःचा गळा गेला असं वाटलं होतं?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. संध्याकाळी ती व्हिडिओ कॉल करेल.

माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण तिचा फोन उचल आणि गा.

तुझा ठोंब्या